वसुला आणि शोणा हत्तीण

कौशांबीच्या तटावर नव्या राजाचं निशाण चढलं, तेव्हा वसुला हत्तीशाळेत शेण काढत होती. राजा कुणीही असो, शेण काढावंच लागतं. पण त्या सकाळी शेणही थोडंच होतं. जुन्या मित्र घराण्याच्या राजांचे हत्ती लढाईत कामी आले होते, उरलेले जिंकणाऱ्यांनी नेले होते आणि जिवंत राहिलेले माहूत रातोरात गाव सोडून गेले होते.

वसुलाचा नवरा इंद्रक परत आलाच नाही. त्याची हत्तीण शोणा मात्र यमुनेच्या काठाकाठानं एकटीच आली आणि आपल्या खुंटापाशी उभी राहिली. तिच्या खांद्यात भाल्याचं पातं मोडून रुतलं होतं. कुणी जवळ गेलं की ती सोंड उगारायची.

दक्षिणेच्या डोंगरांतून आलेल्या नव्या राजानं हत्तीशाळा भूतिल नावाच्या म्हाताऱ्या माहुताच्या हाती दिली. त्यानं शोणेला लांबूनच पाहिलं आणि मान हलवली.

"बाई, ही पिसाळलीय. उद्या भालेवाले बोलावतो."

"पिसाळली नाही. तिला दुखतंय," वसुला म्हणाली.

"दुखतंय म्हणून ती माणूस मारायची थांबणार आहे का?"

"मग मलाच मारू दे. चार दिवस थांबा, दादा. तेवढ्यात तुमचं राज्य काही बुडत नाही."

भूतिल हसला नाही, पण भालेवालेही बोलावले नाहीत.

वसुलानं जन्मभर फक्त चारा कापला नि शेण काढलं होतं. अंकुशाला तर इंद्रकानं तिला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता. आता ती रोज भाताचे गुळ घातलेले गोळे घेऊन शोणेपासून जरा लांब बसायची. शोणा ते गोळे तिच्याच अंगावर भिरकावायची. एकदा तर अख्खा चिखल उडवला.

"फेक, फेक. घरात दुसरं कोण आहे माझ्यावर रागवायला?" अंगावरचा चिखल निपटत वसुला म्हणायची.

शेजारची नंदिला कुंपणावरून ओरडली, "नवरा गेला, आता हत्तिणीशी संसार मांडतेस की काय?"

"नवऱ्यापेक्षा बरी आहे. फेकते तरी समोरून."

नंदिला हसली आणि जाताना कुंपणावर उसाची मोळी ठेवून गेली.

एका दुपारी शोणेनं गोळा खाल्ला. मग सोंड लांबवून वसुलाचे केस, खांदे, तळवे हुंगले. वसुला हलली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लढाईची बातमी आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

पातं काढायला दुसरा माणूस हवा होता. भूतिलनं अंकुश कुंपणाबाहेर ठेवला आणि रिकाम्या हातांनी आत आला. वसुला सोंड कुरवाळत बोलत राहिली आणि त्यानं पातं उपसलं. शोणा इतक्या जोरात चीत्कारली की गल्लीतली कुत्री पळाली, पण तिनं कुणाला चिरडलं नाही. दोघांनी कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली.

हात पुसता पुसता भूतिल म्हणाला, "तुझ्या माणसाला मी पाहिलं होतं. नदीच्या या अंगाला आमची फळी होती. तुटलेल्या झुलीचा दोर हिच्या पायांत अडकला होता. पळायचं सोडून तो खाली उतरला आणि दोर कापला. मग हिच्या पायावर थाप मारून म्हणाला, घरी जा. तेवढ्यात आमच्या लोकांनी त्याला गाठलं."

त्यानंतर कित्येक दिवस वसुलानं भूतिलशी कामापुरताही शब्द काढला नाही. तोही मुकाट्यानं चारा टाकून जायचा.

शेवटी शोणेनंच त्यांना बोलायला लावलं. लढाईत पूर्वेचा दरवाजा कोसळला होता. साल वृक्षाचे ओंडके नदीकाठी येऊन पडले होते, ते ओढायला शोणा हवी होती आणि कुठल्याही माहुताला ती मानेवर बसू देत नव्हती.

"तूच बस," भूतिल म्हणाला.

"आमच्यात बायका हत्तीवर बसत नाहीत."

"आमच्यातही नाही. पण दरवाजा तर उभा राहायला हवा."

वसुला मानेवर चढली. पहिला ओंडका वाकडा पडला आणि अख्ख्या काठावर हशा पिकला. दुसरा सरळ गेला. थंडी पडायच्या आत दरवाजा उभा राहिला आणि तिला माहुतांच्या बरोबरीचं धान्य मिळू लागलं.

पुढे शोणेला पिल्लू झालं. पहिल्यांदा नदीत नेलं तेव्हा ते काठावरच पाय रोवून उभं राहिलं. शोणेनं मागून ढकललं आणि ते तोंडावर पाण्यात आपटलं. वसुला हसून हसून वाकली.

शेजारी बसलेला भूतिल म्हणाला, "माझी लेक डोंगरात आहे. फार घाबरट आहे. तिला इथं आणावं म्हणतो. हत्ती हाकायला शिकवशील?"

पिल्लू आता आपणहून पाणी उडवत होतं. वसुलानं त्याच्याकडे बोट केलं.

"घेऊन या," ती म्हणाली. "माझ्याकडे राहील."