खुर्चीत न बसलेली ताई

गल्लीतली लहानथोर मंडळी त्यांना 'हलूनकाका' म्हणत. फोटो काढताना ते एवढंच बोलायचे, "हलू नका." बाकीचं सगळं बोलणं ताईकडे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, पण भावाच्या स्टुडिओत तिनं उभा जन्म काढला. गिऱ्हाईक खुर्चीत काठी गिळल्यासारखं बसलं, की चेहऱ्यावर उजेड परतवणारी रिफ्लेक्टरची पांढरी तबकडी छातीशी धरून ती म्हणायची, "हसा हो मोकळेपणानं! दात मोजत नाही आम्ही." गिऱ्हाईक हसायचं आणि काकांचं बोट बटणावर पडायचं.

ताई जाऊन दोन वर्षं झाली. तबकडी आता एका स्टँडला अडकवलेली असते. स्टँड हात दुखल्याची तक्रार करत नाही, पण त्याला हसवता कुठं येतंय?

सध्या स्टुडिओत एकाच गोष्टीचा काथ्याकूट चालला होता: कॅमेऱ्याची नवी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा, घ्यायची की नाही. कॉम्प्युटरवरचं सगळं काम बघणाऱ्या लेकीनं टुमणंच लावलं होतं. "बाबा, आपला मिररलेस कॅमेरा वाईट आहे असं कोण म्हणतंय? पण नवा कितीतरी बारीक टिपतो. पापणीचा केस न् केस वेगळा!" दुकानदारानं नवी बॉडी दोन दिवस वापरून बघायला दिली होती, पसंत पडली तर जुनी बदल्यात घेण्याच्या बोलीवर.

काकांचं मन होत नव्हतं. जुनीची पकड हाताच्या सवयीची. शिवाय ती घेतानाही त्यांनी असाच घोळ घातला होता, तेव्हा ताईच वैतागली होती. "घे बाबा एकदाचा! किती डोकं खाशील माझं?" आता डोकं खायला ती नव्हती. काकांना नव्याजुन्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटत होतं.

दुपारी लेकीनं समोरच्या किल्लीवाल्याला पकडून आणलं. त्याचा एक जुना फोटो स्टुडिओत होता. तीच खुर्ची, तीच लेन्स. म्हटलं, शेजारी शेजारी ठेवून बघू.

"नव्यात केस जास्त येतील का हो?" टक्कल चोळत त्यानं विचारलं.

"हलू नका," काका म्हणाले.

किल्लीवाला गेल्यावर लेकीनं दोन्ही फोटो पडद्यावर लावले आणि फोटोतला डोळा मोठा केला. फोकस बघायचा तो डोळ्यात, ही या धंद्याची रीत. नव्या फोटोत बुबुळावर खिडकी दिसत होती, तबकडी दिसत होती, स्टँडचा स्क्रूसुद्धा दिसत होता. जुन्यातही खिडकी होती, तबकडी होती, आणि तबकडीच्या वर एक अंबाडा. बाजूला बाहेर आलेलं कोपर.

"बाबा, आत्या!"

मग तिनं एकेक जुना फोटो उघडायचा सपाटा लावला. निवृत्त झालेले मास्तर, कुणाची नवरी, कुणाचं बोळकं पसरून हसणारं बाळ. ज्याच्या त्याच्या डोळ्यात ताई उभी. चेहरा मात्र कुठंच नाही. मोठा करायला जावं तर त्याचे नुसते चौकोन व्हायचे.

"तेव्हा नवा कॅमेरा असता तर चेहरा दिसला असता," लेक हळूच म्हणाली.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं ताईचा फोटो होता, ओळखपत्रावरचा, ताणून मोठा केलेला, धुरकट. फोटोवाल्याच्या घरात बहिणीचा धड फोटो नाही, म्हणून नातेवाइकांनी तोंडावर नावं ठेवली होती. खुर्चीत बस म्हटलं की ती म्हणायची, "माझा काय काढतोस? गिऱ्हाईक बघ आधी." आणि हे खरोखरच गिऱ्हाईक बघायचे.

"नवा कशाला हवा होता गं?" काका म्हणाले. "हा होता की हातात. मी तिला हाताला धरून बसवायला हवं होतं, एवढंच."

त्यांनी डोळे पुसले, नवी बॉडी खोक्यात घालून खोकं बंद केलं आणि जुनी उचलली.

"ये, बस इथं."

"मी? काहीतरीच काय, केस बघा माझे. आधी दुकानदाराला फोन करून सांगते, तो वाट बघत—"

"बस म्हणतो ना."

लेक बसली. काठी गिळल्यासारखीच. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, 'हलू नको' म्हणायला तोंड उघडलं आणि क्षणभर थांबले.

"हस गं मोकळेपणानं," ते म्हणाले. "दात मोजत नाही आम्ही."