सनईच्या रेकॉर्डमधला आवाज

शहागंजातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी ती रेकॉर्ड आणली. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करून घेतला होता आणि मिळेल ते ऐकत सुटले होते. या रेकॉर्डच्या दोन्ही लेबलांवर सनईवादन असं छापलेलं. पहिली बाजू सनईचीच निघाली. दुसरी लावली आणि एक बाई गायला लागली. कोवळा, जरासा नाकातला आवाज. हळदीचं गाणं.

कारखान्यात लेबल चुकलं असणार. मी हसले आणि ऐकत बसले. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या मावशी होत्या. खुलताबादजवळच्या गावात सगळा जन्म काढून आता हर्सूलला मुलाकडं राहायला आलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या. हातात मेथीची जुडी तशीच.

"कोण गातंय, बाई?"

"रेकॉर्ड आहे मावशी. सनईची घेतली, निघालं भलतंच."

"पुन्यांदा लावा."

मी सुई परत सुरुवातीला ठेवली. मावशी जमिनीवरच बसल्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ हलत होते, आणि तेही गाण्याच्या पुढं. रेकॉर्डमधली बाई जी ओळ गाणार, ती मावशी आधीच पुटपुटत होत्या. माझ्या अंगावर काटा आला.

"हे आमच्या आईनं जुळवलेलं गाणं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घराबाहेर कुणाला येत नाय. ही माझी धाकटी बहीण."

ही बहीण लग्नाघरी हळदीला गायची. लई नाव होतं तिचं पंचक्रोशीत. एकदा गाण्याची पार्टी गावात आली, आणि पार्टी गेली त्या दिवशी तीही गेली. मुंबईला गेली एवढंच कळलं. भावांनी शोधलं, मग थकले. कुणीतरी सांगितलं, आजारात गेली. बापानं तिचे दिवस घातले. तिच्या नावानं मावशींनी आयुष्यभर पितृपक्षात पान वाढलं होतं.

त्यानंतर मावशी रोज दुपारी येऊ लागल्या. फार बोलायच्या नाहीत. गाणं संपलं की पदरानं तोंड पुसून उठायच्या. मला मात्र ते घरात राहिल्यासारखं वाटायचं. भांडी घासताना, नळ बंद केल्यावर, तो आवाज एखादी ओळ पुढं म्हणेल अशी उगाच धास्ती वाटायची. एका हरवलेल्या मुलीला आपण सनईच्या पाकिटात घालून घरी आणलं, असं काहीतरी मनात येई.

पुण्याचे एक संग्राहक ओळखीतून माहीत होते. अजिंठ्याला जाताना ते आमच्याकडं थांबले. मी सहज विचारलं, अशा चुकीच्या रेकॉर्डना किंमत असते का?

"लोकांना वाटतं, चूक म्हणजे दुर्मीळ," ते म्हणाले. "तसं नसतं. भोक मध्यावर नसलं तर आवाज हेलकावतो, ती फुकट दिली तरी कुणी घेत नाही. नुसतं लेबल चुकलेलं असलं तर एखादा हौशी गंमत म्हणून ठेवतो. पण आतलं गाणं दुसरीकडं कुठंच निघालेलं नसेल, तर मात्र आमच्यासारखे जीव टाकतात."

त्यांनी रेकॉर्ड उजेडाकडं तिरकी धरून लेबलाशेजारी कोरलेला क्रमांक वाचला, आणि मग थोडं गाणं ऐकलं. मावशी भिंतीला टेकून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"हे निघालेलं आहे. बरोबर लेबलची माझ्याकडं आहे," ते म्हणाले. "पारंपरिक गीत म्हणून छापलंय. या बाईंनी मोजकंच गायलं. लग्नानंतर सोडलं. मुंबईतच असायच्या. म्हातारपणानं गेल्या, फार वर्षं नाही झाली. त्यांच्या मुलीशी बोललोय मी."

त्यांनी मोबाईलवर आपल्या रेकॉर्डच्या पाकिटाचा फोटो शोधून दाखवला. त्यावर गाणाऱ्या बाईंचा चेहरा होता, नाव वेगळंच होतं. मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"नाय," त्या म्हणाल्या. "ही ती नव्हं. तिनं शिकवलं असंल हिला."

"मुलीला विचारू का?" संग्राहकांनी विचारलं.

"नको."

पाहुणे गेल्यावर मी चहा ठेवला. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"नाक तिचंच हाय, बाई," त्या म्हणाल्या. "पण मेली म्हणून आम्ही तिच्यासाठी रडलो. माय तर तिच्यापायी झुरून गेली. आन् ही म्हातारी होईस्तवर जगली, अन् एकदा गावाकडं तोंड दाखवलं नाय, हे मी आता कसं मानू? मेलेलीच बरी."

मी त्यांच्या हातात कप दिला.

ती रेकॉर्ड मी परत लावली नाही. त्याही लावा म्हणाल्या नाहीत. संग्राहकांनी त्या मुलीचा नंबर पाठवून ठेवलाय, तो माझ्या फोनमध्ये तसाच पडून आहे. मावशींना ते ठाऊक आहे. परवा जिन्यात भेटल्या, तेव्हा कठड्याला धरून थांबल्या.

"त्या पोरीला लेकरंबाळं हायत का वो?"

"माहीत नाही मावशी. विचारू?"

"नका विचारू," असं म्हणून त्या दोन पायऱ्या चढल्या, आणि वळून म्हणाल्या, "गाती का ती?"