रेंदा

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी शाळेत छड्या मारल्या आहेत. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण दहा वर्षं गिळून बसलो, आता पुरे!

तेव्हा मी आगरदांड्याला मास्तर होतो. फ्रान्सच्या लढाईवरून परतलेला धोंडू, छातीत विषारी धूर गेलेला, माझ्या ओटीवर खोकत खोकत पोवाडा सांगायचा. मी लिहून घ्यायचो.

"खंदक म्हणजे कसा रे?"

"आपल्या खाडीतला रेंदा, गुरुजी. कमरेपावत रुतायचं. फकस्त त्यात मानसं कुजत्यात."

त्याचा सोबती गणू तिथंच गेला. त्याच्यावर धोंडूनं जोडलं होतं —

रेंद्यात रुतला गणू, जीव होता अजून
पाठीवर पाय दिला मी, गेलो पुढं निघून

"गणूच्या आयेला तोंडानं सांगवत न्हाय, म्हनून जोडलंय. येक शबुद बदलू नका."

मी मान डोलावली. पावसाआधीच धोंडू वारला.

हिवाळ्यात शाळेपुढे लढाईत मेलेल्यांच्या नावांची शिळा बसायची होती. गोरा साहेब येणार होता, आणि मला हेडमास्तर व्हायचं होतं! साहेबापुढे रेंदा? छे! मी नवी ओळ केली —

रणात गर्जला गणू, वैरी गेले थिजून
छातीवर पाय दिला, गेला पुढं निघून

धोंडूचा कागद चुलीत घातला.

शिळेच्या समारंभात पोवाडा गाणारा शाहीर त्याच सकाळी अलिबागहून आला. धोंडूला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. हातात कागद माझा, अक्षर माझं. आणि लख्ख उन्हात, डफावर थाप मारून तो गायला — रेंद्यात रुतला गणू...

शब्द न् शब्द!

साहेबाला मराठी कुठे येतंय? त्यानं टाळ्या वाजवल्या.

मी शाहिराचा दंड धरला. "हे कुठलं म्हटलंस?"

"तुमी लिवलंय त्येच की!" त्यानं कागदावर बोट ठेवलं. बोटाखाली होतं — रणात गर्जला गणू.

तेवढ्यात गणूची आई पुढे आली. रडत नव्हती. "जिता व्हता माजा ल्योक... गुरुजी, तुमाला ठावं व्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

हेडमास्तर झालो. शाळेत पोरं आजही माझीच ओळ घोकतात — रणात गर्जला! थू!

शाहिराच्या तोंडून त्या सकाळी कोण बोललं, मला अजून सांगता येत नाही. ते 'नाही' मात्र माझंच होतं.