दोन्ही वायरी एकदम

माझा स्वभाव तापट. आई म्हणते, जन्मताच मी डॉक्टरांवर ओरडले होते. तेव्हा आमच्या टीम लीडने "सोमवारी तुझा कोड काढून टाकू" असं सगळ्यांसमोर सांगितल्यावर मी काय काय बोलले असेन, याची कल्पना करा. आठ महिने घासून लिहिलेला कोड होता तो!

पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली सॉफ्टवेअर कंपन्या उघडत होत्या. आमची बिबवेवाडीत होती, खाली फर्निचरचं दुकान आणि वर आम्ही. काम असं, की दोन सर्व्हर आणि दोघांत मिळून डिस्कचं एकच कपाट. कपाटातल्या सगळ्या डिस्क एकत्र जोडायच्या, त्यांचे हवे तेवढे भाग पाडायचे आणि त्यांवरच्या फायली दोन्ही सर्व्हरना एकाच वेळी वापरू द्यायच्या. एक पडला तर दुसऱ्याने काम पुढे न्यायचं, गिऱ्हाइकाला पत्ताही लागता कामा नये. त्यासाठी दोघांमध्ये दोन वायरी टाकलेल्या असत. त्यांवरून ते एकमेकांना सारखे विचारत, "आहेस ना?" "आहे." "आहेस ना?" "आहे." उत्तर आलं नाही की समजायचं, तो मेला.

आता सर्व्हर दोन्ही धडधाकट आणि नुसत्या वायरीच निघाल्या तर? दोघांनाही वाटणार, दुसरा मेला, आता सगळं माझ्यावर. मग दोघंही त्याच डिस्कवर आपापल्या मनाने लिहीत सुटणार. एकाच आमटीत दोघींनी एकमेकींना न विचारता मीठ घालावं तसं. आमटी निदान ओतून देऊन दुसरी करता येते, लोकांच्या फायली कुठून आणणार?

माझा कोड नेमका त्या वेळेसाठी होता. वायरी निघाल्या की दोन्ही सर्व्हरनी कपाटातल्या तीन छोट्या डिस्कांकडे धाव घ्यायची. तीनपैकी दोन ज्याच्या हाती लागतील, तो राहिला. हरलेल्याने एक अक्षरही न लिहिता जागच्या जागी बंद पडायचं. पण त्यामुळे सर्व्हर सुरू व्हायला वेळ लागत होता आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख डोक्यावर आली होती.

"दोन्ही वायरी एकदम निघणार कशा?" टीम लीड चहा पीत म्हणाला. "उंदीर जोडीने येणार आहेत का?"

सगळे खो खो हसले. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तो कोड चाचणीसाठी आमच्याच ऑफिसच्या सर्व्हरवर चालू होता. सोमवारपर्यंत काय ते त्याचं आयुष्य.

मध्ये खंडेनवमी आली. माझे वडील, अण्णा, हडपसरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. लहानपणी दर खंडेनवमीला मी तिथे जायची. त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. अण्णांनी मशीन घासूनपुसून लख्ख केलेलं असे, त्यावर झेंडूची माळ, आणि ते असे उभे राहत की जणू मशीन त्यांनीच जन्माला घातलंय. आमच्या कंपनीनेही घरच्यांना बोलवायची तीच रीत ठेवली, म्हणून त्या वर्षी मी अण्णांना घेऊन आले. ठेवणीतला पांढरा शर्ट, टोपी, आणि खिशात स्वतःचं फडकं. मला हसूच आलं. म्हटलं, असू दे बाई.

पूजा झाली. मी पेढ्यांचे पुडे सोडत होते, तेवढ्यात ओरडा झाला, "हँग झालंय सगळं!" मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेले. अण्णा सर्व्हरच्या मागे मांडी ठोकून बसलेले. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात दोन्ही वायरी.

"किती गं धूळ ही," ते म्हणाले. "चालू मशीनला फडकं लावू नये. मेन स्विच काय घावंना, म्हणून ह्या काढल्या. दोघांच्या मधे ह्याच तर हायेत."

साऱ्या टीमचं वर्षभराचं काम त्या कपाटात होतं. मागून टीम लीड आला. मी कीबोर्ड ओढला. पहिला सर्व्हर बंद पडला होता. दुसरा एकट्याने गाडा ओढायला लागला होता, बाहेरचे स्क्रीन पुन्हा हलायला लागले होते. मी सगळ्या फायली तपासायला लावल्या. ती दहा मिनिटं जो मध्ये बोलला त्याच्यावर मी खेकसले.

एकही चूक नाही. एकही! मी अशी किंचाळले की पूजेला आलेल्या बायकांना वाटलं, मला शॉक बसला.

अण्णांना वाटलं, झालं, गेली पोरीची नोकरी. ते घाईघाईने उठले, टोपी काढून हातात घेतली आणि टीम लीडला म्हणाले, "साहेब, पोरीचा काय दोष नाय. मीच हात घातला. तिला काय बोलू नका." आयुष्यभर मशीनवर उभा राहिलेला माणूस माझ्याच वयाच्या पोरापुढे मान खाली घालून उभा होता.

टीम लीड एकदा स्क्रीनकडे बघत होता, एकदा वायरींकडे.

"काका," तो म्हणाला, "तो पहिला उठला, की परत एकदा काढाल का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वायरी जोडल्या, पहिला सर्व्हर उठला आणि त्यांनी त्या पुन्हा काढल्या. जोडल्या, परत काढल्या. चौथ्या खेपेला तर अण्णा रंगातच आले. "आता ह्यो पडतोय बघा," असं म्हणत आणि अंदाज बरोबर आला की मांडीवर थाप मारत. पाचव्या वेळी टीम लीड म्हणाला, "राहू दे तुझा कोड. उशीर होईल, तर होईल." मी सगळ्यांदेखत अण्णांना मिठी मारली. "अगं, लोक बघतायत," ते म्हणाले, पण सोडवून घेतलं नाही.

सोमवारी आमच्या चाचण्यांच्या यादीत एक नवी ओळ होती: ‘काका’. माल पाठवण्याआधी कुणीतरी जाऊन दोन्ही वायरी एकदम उपटायच्या. मी तिथे होते तितकी वर्षं ती ओळ कुणी काढली नाही. अण्णांना मी हे सांगितलं. तेव्हापासून मी संध्याकाळी घरी आले की ते विचारायचे, "आज मी येऊन गेलो का?"

"येऊन गेलात."

"मग?"

"काही बिघडलं नाही, अण्णा."

मग ते निवांत जेवायला बसायचे.