इरिटेट कोण करतं

"सारखं सारखं येऊन इरिटेट करू नका. जमत नसेल तर उद्यापासून घरी बसा."

सुपरवायझर हे गंगासागरला म्हणाले. तिला सातवा महिना होता आणि तिनं फक्त संडासची किल्ली मागितली होती.

आम्ही हिंगोलीत एका गोदामात हळद निवडतो. बोटासारखी लांब ती कांडी, गोल तो गट्टू. दोन्ही वेगळे करायचे. कामाला सगळ्या बायका. किल्ली मात्र सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. पुरुषाकडं ती मागायची आम्हाला लाज, म्हणून आम्ही कामावर पाणीच पीत नव्हतो. गंगासागरला ते कसं चालणार? डॉक्टरीणबाईंनी तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं.

ती तशीच परत आली आणि ढिगाजवळ बसून रडू लागली. काम गेलं तर दुसरं कोण देणार, या दिवसांत?

वजन लिहिणाऱ्या पूजाला मी विचारलं, "इरिटेट म्हंजी काय गं?"

"डोकं खाणं, मावशी. समोरच्याला वैताग आणणं."

"आन् किल्ली न्हाई दिली, हिचं पोट दुखून राहिलं, त्याला काय म्हंतेत?"

"त्याला काही म्हणत नाहीत."

मी पुरुषांसमोर कधी तोंड उघडत नाही. आम्ही बायका 'जरा बाहेर जाऊन येते' एवढंच म्हणतो. पण त्या दिवशी मी टेबलासमोर उभी राहिले. "साहेब, लघवीला जायचंय. किल्ली द्या." आवाज मोठाच निघाला.

त्यांनी मान वर न करता किल्ली दिली. ती मी गंगासागरच्या हातात ठेवली. ती परत येते तोवर माझ्यामागं शांताबाई उभी. "मला बी लघवीला जायचंय, साहेब." तिच्यामागं आणखी चौघी.

"हे काय लावलंय?"

"इरिटेट करून राहिलो," शांताबाई म्हणाली. "काहून, आमाला बराबर जमंना का?"

सगळं गोदाम हसलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी स्वतःच दाराजवळ खिळा ठोकला आणि किल्ली तिथं अडकवली. गंगासागर दुसऱ्या दिवशी कामावर आली. साहेब माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. न बोलेनात का.

तो शब्द मला आता वापरता येतो. ज्याला मागावं लागतं तो इरिटेट करतो. ज्याच्या ड्रॉवरमध्ये किल्ली असते, तो नुसता इरिटेट होतो.