एका वाडग्यातले दोघे

ऑस्टोर्ग जन्मला तेव्हा लार्झाकच्या पठारावर टेंपलर बंधूंचंच, म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या व्रतस्थ सरदारांचंच राज्य होतं म्हटलं तरी चालेल. कुरणं त्यांची, मेंढ्या त्यांच्या, गिरणी त्यांची, आणि भांडण झालं तर न्यायनिवाडाही त्यांचाच. लोकर आणि चीज खाली बंदरात जायचं आणि तिथून गलबतांनी पवित्र भूमीला, तिथे लढणाऱ्या बंधूंसाठी. ऑस्टोर्गच्या बापाने एक खडकाळ रान आणि हा मुलगा, दोन्ही एकाच दिवशी त्यांना देऊन टाकलं. रान देताना त्याच्या जिवावर आलं होतं, असं लोक सांगत.

पांढरे झगे सरदारांच्या मुलांना मिळत. ऑस्टोर्गच्या वाट्याला तपकिरी झगा आला आणि मेंढ्या आल्या. तलवार त्याने उभ्या आयुष्यात उपसली नाही. पण क्रूस छातीवर होता, आणि बाजारात बायाबापड्या त्याला वाट करून देत. तो भलताच सुखात होता.

बंधूंच्या घरात एका वाडग्यात दोघांनी जेवायचा नेम होता. कुणी गुपचूप उपास काढून स्वतःला संत समजू नये, कुणी जोडीदाराच्या घासावर हात मारू नये, म्हणून एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. जोडीदार पोटभर जेवला की नाही, याचा जाब तुम्हाला द्यावा लागे. जेवताना चकार शब्द काढायचा नाही.

ऑस्टोर्गचा जोडीदार देओदात. हा घोड्यांना नाल ठोकायचा. जेवणघरात दोघे मुके, पण तबेल्यात आले की तोंड सुटायचं.

"तू इतका सावकाश का चावतोस रे? मला तिष्ठत बसावं लागतं," देओदात म्हणायचा.

"तू लांडग्यासारखा खातोस. आपल्या वाडग्याशी एक तरी माणूस दिसायला नको का?"

अशी बरीच वर्षं गेली. पवित्र भूमीतला शेवटचा किल्ला पडला, तेव्हा म्हातारे सरदार प्रार्थनाघरात ढसाढसा रडले. आता कुणासाठी लोकर पाठवायची, हे कुणालाच कळेना. तरी मेंढ्या व्यायच्या त्या व्यायत राहिल्या, आणि वाडगा रोज दोघांच्या मध्ये येत राहिला.

मग एका शरद ऋतूत, पहाटेच, राजाची माणसं आली आणि सगळ्यांना बांधून घेऊन गेली. क्रूसावर थुंकलात, मूर्ती पुजलीत, असे आरोप होते. ऑस्टोर्गचे पाय विस्तवाजवळ धरले, आणि तो सगळ्याला हो म्हणाला. तुझ्याबरोबर कोण होतं, असं विचारलं. त्याच्या तोंडात एकच नाव होतं. ज्याच्याबरोबर जेवला त्याचंच.

देओदात शेवटपर्यंत नाही म्हणाला. त्याचे पाय कामातून गेले.

पुढे पोपनी टेंपलर बंधूंचा संघच मोडून टाकला. जमिनी दुसऱ्या बंधूंना, हॉस्पिटलरांना मिळाल्या. कबुली न दिलेल्या देओदातला खाली दरीतल्या एका मठात ठेवलं, आयुष्यभर बाहेर न पडण्याच्या अटीवर. ऑस्टोर्गसारख्या मेंढपाळाचं काय करायचं याचा कुणी विचारच केला नाही, म्हणून तो विधवा बहिणीकडे आला.

त्या बहिणीला, आल्दियार्दाला, केवढा आनंद झाला! तिने भावासाठी जत्रेतून हिरव्या झिलईचा नवा वाडगा आणला, त्याचा एकट्याचा. त्यात कोबीचं कालवण वाढलं. ऑस्टोर्ग नुसता बघत बसला. समोर कुणी नाही, तर सुरुवात कशी करायची हेच त्याला सुचेना. दोन घास खाऊन तो उठायचा. हाडं वर आली.

शेवटी आल्दियार्दाचा संयम सुटला. "दादा, माझ्या हातचं गोड लागत नाही का तुला?"

"तसं नाही गं."

"मग कसं? आणि झोपेत देओदात देओदात करतोस, ते काय मला ऐकू येत नाही? जा ना त्याच्याकडे!"

"त्याने तोंड फिरवलं तर?"

"तर फिरवू दे. चालून चालून भूक तरी लागेल तुला."

ऑस्टोर्ग दरी उतरला. वाटेभर त्याने माफीची वाक्यं जुळवली आणि मोडली. जमलेलं एकही त्याला पटेना. पायाखालून रान सरकत होतं, आणि त्याला फक्त तो तबेला, ती घोड्यांची ऊब आणि समोरचं ते खट्याळ तोंड हवं होतं.

मठाच्या दारावर फ्रोतार नावाचा जाडजूड द्वारपाल बसला होता. "भेट व्हायची नाही, बाबा. त्याला दारापर्यंतही येऊ देत नाहीत."

"मग त्याला एवढंच सांगा, ऑस्टोर्ग आलाय."

फ्रोतार कुरकुरत आत गेला. जेवणाची घंटा होऊन गेली. ऑस्टोर्ग पायरीवर बसून राहिला. उत्तर येणार नाही, अशी त्याने मनाची समजूत घालून घेतली.

दार उघडलं तेव्हा फ्रोतारच्या हातात लाकडी वाडगा होता, आणि त्याचा चेहरा पडलेला.

"काय सांगू तुम्हाला! तुमचं नाव ऐकलं आणि जेवायला बसला. मग निम्मं खाल्लं, आणि हे दारातल्याला द्या म्हणाला. पाहुण्याला उष्टं द्यायचं म्हणजे... मलाच लाज वाटते. हे टाकून दुसरं आणू का?"

ऑस्टोर्गने वाडगा जवळजवळ हिसकावूनच घेतला. वाटाण्याचं घट्ट कालवण होतं. मधोमध चमच्याने रेघ ओढलेली. रेघेच्या पलीकडे चाटूनपुसून साफ, अलीकडे कणालाही हात लावलेला नव्हता. पावाचा अर्धा तुकडाही त्याच बाजूला ठेवलेला.

"रिकामा करून परत आणायला सांगितलंय," फ्रोतार म्हणाला. "त्याला स्वतः बघायचंय म्हणे. काय खूळ आहे, देव जाणे."

ऑस्टोर्ग तिथेच खाली बसला आणि जेवला. सावकाश, एकेक घास चावत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्याने पुसलं नाही. पावाने तळ निपटून काढला आणि वाडगा परत दिला. मागोमाग विचारलं, "उद्या येऊ का, विचाराल?"

फ्रोतार पुन्हा आत गेला. या खेपेला लवकर आला.

"म्हणतोय, उद्या जरा लवकर ये. आज गार झालं असेल."