पडद्याची बायकांकडची बाजू

दोंडाईचा स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, एक कोरी वही आणि संपादकांची एक सूचना होती : "सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांवर लिहा." घोड्यांविषयी मला एवढंच ठाऊक होतं की त्यांना पुढून चावता येतं आणि मागून लाथ मारता येते.

बैलगाडीने तापीचा काठ गाठला आणि नावेत बसलो. थंडीत पाणी उतरलेलं. नाव मध्येच गाळात रुतली. नावाडी शांतपणे म्हणाला, "उतरा भाऊ, नाव हलकी व्हई." (होईल.) मी उतरलो. नाव हलकी झाली आणि माझी एक चप्पल तापीत राहिली. पलीकडे स्वागताची कमान होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे कमानीवर राज्याचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठं होतं. तिच्याखालून मी एका पायाने अनवाणी प्रवेश केला.

दुपारपर्यंत इमानाने घोडे पाहिले. मग एका पालात भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खायला बसलो. समोर तंबूतल्या सिनेमाचा फलक होता : 'आज स्वतः हजर! आपल्या मातीतली सिनेमानटी!'

"ही नटी कोण हो?" मी पालवाल्याला विचारलं.

"फडमाधली चंद्रा. जन्मना पोऱ्या शे, पन आते कोनी तसं म्हणत नही." (जन्माने मुलगा आहे, पण आता कोणी तसं म्हणत नाही.) मग भाकरी उलटत म्हणाला, "तिना तोंडवर तरी नही."

घोडे बाजूला ठेवून मी तमाशाच्या राहुटीकडे गेलो.

चंद्रा पेटीवर बसून चहा पीत होती. पस्तिशीची, उंच, मुंबईच्या पद्धतीचं पातळ नेसलेली. मी मासिकाचं नाव सांगितलं, तेव्हा तिने मला आधी पायांपासून पाहिलं. "मासिकवाले एकच चप्पल देतात का?" मग दुसरी पेटी पुढे सरकवली.

तिने आपली हकीकत कसलाही आव न आणता सांगितली. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरी जन्म. पंधराव्या वर्षी फडाबरोबर निघून गेली. तिथे बायकांची कामं पुरुषच करत. "बाकीचे सकाळी लुगडं सोडायचे. मी सोडलं नाही. बस, एवढीच गोष्ट." पुढे मुंबईच्या एका दिग्दर्शकाला न थांबता रडणारी बाई हवी होती. तीन प्रसंगांची भावजय मिळाली. आणखी दोन चित्रपटांत ती गर्दीत उभी राहिली. मग मुंबईने तिला विसरायचं ठरवलं आणि ती फडात परतली.

"आणि घरचे?"

"बाप गेला. माय शे." इथे तिची मुंबईची मराठी सुटली. वीस वर्षांत माय फडाकडे फिरकली नव्हती. पण गाडीवानाबरोबर निरोप आला होता : सिनेमा दखाले येसू (पाहायला येईन), फडवर नही. "आज ती बायकांत बसेल. मलाही तिथंच बसायचंय. तिनं उठून जायचं तर जाऊ दे. पण पुरुषांत खुर्ची टाकून बसलेली मी तिला दिसायला नको."

तंबूच्या मालकाला हे पसंत नव्हतं. त्याने पुढाऱ्यांच्या रांगेत तिच्यासाठी लाल गादीची खुर्ची मांडली होती. "बायास्नी गलका करा त खेय मोडी ना मन्हा!" (बायकांनी गलका केला तर माझा खेळ मोडेल.) शेवटी तडजोड झाली. चंद्राने आधी घोड्यावरून मिरवायचं, मग हवं तिथे बसायचं.

मिरवणुकीचा घोडा बँडवर नाचायला शिकवलेला होता. बँड वाजला की तो जागच्या जागी नाचे आणि बँड थांबला की चालू लागे. त्यामुळे मिरवणूक एक तर वाजत होती, नाही तर पुढे सरकत होती. दोन्ही एकदम जमेना. हार हातात घेऊन उभे असलेले पुढारी कंटाळून शेवटी आपसांतच हार घालून मोकळे झाले.

दिवेलागणीला पहिला खेळ होता. बायकांच्या दारावर मालकाची बायको तिकिटं फाडत होती. तडजोड विसरून मालक मागून डोळ्यांनी नाही-नाही खुणावत होता. तिने चंद्राचं तिकीट फाडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही तुमनं मशीन सांभाळा."

या तंबूची एक गंमत सांगायला हवी. पडदा बरोबर मधोमध टांगलेला. एका बाजूला पुरुष आणि यंत्र, दुसऱ्या बाजूला बायका. चित्र पडद्यातून आरपार जाई, त्यामुळे बायकांना सगळं उलटं दिसे. अक्षरं उलटी आणि नायक डावखुरा. मालकाला विचारलं तर म्हणाला, "त्यास्ले (त्यांना) कोठे वाचता येस?" माझी खुर्ची पडद्याच्या कडेला खांबाशी होती, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

चंद्रा आत गेली तशा बायका सरकल्या. तिच्याभोवती रिकामं रिंगण तयार झालं. पुढे चार ओळींवर एक म्हातारी ताठ बसली होती. तिने मान वळवली नाही, म्हणून मी ओळखलं की हीच माय.

तिसऱ्या रिळात भावजय आली. डोक्यावर पदर, डोळ्यांना धार. पुरुषांच्या बाजूने पाहिलं तर पदर डाव्या खांद्यावर होता, चारचौघींसारखा. पण गुजर बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, आणि पडद्याच्या पलीकडून तो उजव्याच खांद्यावर दिसत होता.

"ओ माय! हाई त आपली गुजरनी शे!" कोणीतरी ओरडलं.

"कोनी (कोणाची) शे वं ती?" दुसरीने विचारलं.

म्हातारीने प्रसंग संपेपर्यंत पडदा पाहिला. मग म्हणाली, "मन्ही पोर शे. वीस वरीस घर सोडं, पन पदर नही सोडा तिनी." आणि पहिल्यांदाच मागे वळली. "तठे एकलीच काय बठनी? आठे ये." (तिथे एकटीच का बसलीस? इथे ये.)

चंद्रा उठली. बायकांनी वाट दिली. मालकाने माझ्या कानाशी सुटकेचा निःश्वास टाकला. लाल गादीवर एव्हाना तालुक्याचा कोणी अधिकारी झोपला होता.

सकाळी राहुटीत गेलो तर चंद्रा आरशासमोर पदर उजव्या खांद्यावर घेत होती. मी चित्रातल्या पदराचं विचारल्यावर हसली. "दिग्दर्शकानं डावीकडे घ्यायला सांगितला होता. सवयीनं मी दोनदा उजवीकडे घेतला. दोनदा शिव्या खाल्ल्या, मग बरोबर जमलं."

"आईला सांगितलंत?"

"काय सांगू? मन्ही माय वीस वर्षांनी खूश शे, आनि तुमले खांदा मोजाना शेतस?" (तुम्हाला खांदे मोजायचे आहेत?) तिने पिशवी उचलली. माय गाडीत वाट पाहत होती. घरी जेवायला बोलावलं होतं. मुक्कामाचं काही ठरलं नव्हतं, आणि तिने ते विचारलंही नव्हतं.

खरं-खोटं निवडणं हा माझा धंदा. इतिहासातल्या थोरांच्या कित्येक दंतकथा मी तळटीपा देऊन मारल्या आहेत. या एका गोष्टीला मात्र तळटीप जोडायला मी त्या गाडीपर्यंत जाणार नव्हतो. तसं पाहिलं तर म्हातारी फक्त खांद्यापुरती चुकली होती.

नावेत बसलो. या खेपेला पाण्याने दया केली आणि नाव सरळ निघाली. मागे राहिलेल्या यात्रेच्या काठावरून बायकांनी भरलेली एक गाडी गावाकडे चालली होती. दहा-बारा जणी होत्या, सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर. त्यांतली नटी कोणती ते मी बराच वेळ शोधलं. सापडली नाही.